गोदाक्का कोण?

"जावईबापू, खरं सांगा, ही गोदाक्का म्हणजे मीच ना?" सासूबाईंनी रेडिओकडे बोट दाखवत विचारलं आणि हेरंबचा चहा बशीत सांडला.

रेडिओवरच्या दर रविवारच्या, आधीच रेकॉर्ड केलेल्या प्रहसनात तो गोदाक्का या खाष्ट सासूचा आवाज काढायचा. त्या आवाजावरच त्याला कार्टूनमधली मगर आणि मसाल्याच्या जाहिरातीतली मिरची मिळाली होती. पण सासूबाई महिनाभर राहायला आल्या होत्या आणि घरात शांतता हवी होती.

"छे! ती आमची आई," तो कुजबुजला.

"वाटलंच मला!" सासूबाई खुलल्या.

पुढच्या आठवड्यात आई आली. तिनंही त्याला गॅलरीत गाठलं. "मेल्या, माझी नक्कल करतोस रेडिओवर?"

"तुझी कशी असेल? तुझ्या विहीणबाईंची!"

रविवारी दोघी एकाच सोफ्यावर बसून प्रहसन ऐकू लागल्या. गोदाक्कानं सुनेच्या आमटीला नावं ठेवली की दोघी खो खो हसत आणि आळीपाळीनं हेरंबला डोळा मारत. एकीनं जरी तोंड उघडलं असतं, तर संपलंच होतं. पण कार्यक्रम निभावला. त्यानं घाम पुसून रेडिओ बंद केला.

तरीही गोदाक्काचा आवाज आलाच.

"पोळ्या गार झाल्या! जेवायला या म्हणून आता पत्रिका छापू का?"

स्वयंपाकघराच्या दारात हेरंबची बायको उभी होती.

विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. मग पदर सावरत दोघी मुकाट्यानं पानावर जाऊन बसल्या. हेरंब आधीच बसला होता.