उजवाच हात

"बोटं भिंतीवरून वर न्या. मुंगी चढते तशी," सदफ म्हणाली.

चमेलीबाईची बोटं चढू लागली आणि खांद्याच्या उंचीवर येऊन थांबली.

"अजून चढव," मागून तेरसिंग म्हणाला.

सदफने तिथे पेन्सिलीने खूण केली. धुळ्याच्या त्या दवाखान्यात पेशंटचे व्यायाम ती घ्यायची. दहा आठवड्यांपूर्वी इथेच चमेलीबाईच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. हात वर नेणारा स्नायू हाडापासून फाटला होता. डॉक्टरांनी दुर्बिणीतून टाके घालून तो परत हाडाला बांधला. सहा आठवडे हात झोळीत होता. झोळी निघाल्यापासून दर सोमवारी तेरसिंग बायकोला घेऊन सातपुड्याच्या पायथ्याहून पहिल्या एसटीने यायचा. एकही सोमवार चुकला नव्हता.

"बारा तारखेपर्यंत हात कानाला टेकेल ना, ताई?" तेरसिंगने विचारलं.

"बारालाच का?"

"उपसरपंचाची निवड शे. मी उभा आहे. सात मेंबर. मला धरून तीन माझे, तीन त्या कोकिळाबाईचे. सातवी ही." त्याने बायकोकडे हनुवटी केली. "हात वर करून मत द्यायचं. बठ्ठं तिना हातवर शे."

सदफ हसली. "मग डावा करू द्या की वर. डावा ठणठणीत आहे."

"चांगल्या कामाला डावा? गाव हसेल मला."

"उजवाच करीन," चमेलीबाई म्हणाली.

"ऐका," तेरसिंग म्हणाला. आवाजात कौतुक होतं.

सदफने फाइल उघडली. "पडल्या कशा होत्या? इथे लिहिलेलं नाही."

"विहिरीच्या पायरीवरून घसरली," ती तोंड उघडायच्या आत तेरसिंग म्हणाला.

चमेलीबाई पेन्सिलीच्या खुणेकडे बघत होती.

मग सदफने घरचा व्यायाम दाखवला. पेशंटला झोपवायचं, एक हात कोपराखाली, एक मनगटाला, आणि हळूहळू डोक्याकडे न्यायचं. तिने नेला तेव्हा हात बराच वर गेला. तेरसिंगने धरल्याबरोबर खांदा आखडला आणि हात अर्ध्यावरच अडला.

"मी जोर लावला नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे. दुखण्याची धास्ती असते. हात धरला की अंग आपोआप आवळतं. घाई करू नका."

त्याने घाई केली नाही. रोज सकाळ-संध्याकाळ आधी गरम पाण्याची पिशवी, मग दहा वेळा हात वर. ओट्यावर हे चाललेलं असताना त्याच्या बाजूचा मेंबर पितांबर हटकायचा, "तेरसिंगभाऊ, वहिनीची भलतीच सेवा चाललीय."

"सेवा नाही रे. मत पिकवतोय," तेरसिंग म्हणायचा, आणि दोघंही हसायचे. चमेलीबाई मनातल्या मनात आकडे मोजत असायची.

बाराच्या आधीच्या सोमवारी सदफने तिला भिंतीपासून दूर उभं केलं. चमेलीबाईने आधाराशिवाय हात उचलला. तो थरथरत वर गेला आणि कानाला टेकला.

"झालं की," सदफ म्हणाली. "आता हात तुमचा."

तेरसिंगने येताना पेढे आणले होते. पहिला सदफला दिला.

बारा तारखेला पंचायतीच्या खोलीत सातही मेंबर आले. सरपंच मधल्या खुर्चीवर बसले. बरोबरी झाली तर त्यांचं मत कोकिळाबाईकडे जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेरसिंगने नवा शर्ट घातला होता. बायकोला त्याने आपल्या शेजारीच बसवलं.

ग्रामसेवकांनी पहिलं नाव वाचलं. "तेरसिंग. बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

तेरसिंगचा हात वर गेला. पितांबरचा गेला, रतिलालचाही गेला. चमेलीबाईचा हात मांडीवरच होता.

"दुखतंय का?" तेरसिंगने हळूच विचारलं. दुसरा हात त्याने तिच्या कोपराखाली नेला. "मी आधार देतो. उचल."

"नको," ती म्हणाली.

"ऑपरेशन झालंय तिचं," तेरसिंग मोठ्याने म्हणाला. "जरा वेळ द्या."

ग्रामसेवक थांबले. सगळे तिच्याकडे बघत होते. ती समोर बघत होती. शेवटी त्यांनी तीन मतं लिहून घेतली आणि दुसरं नाव वाचलं.

"कोकिळाबाई."

समोरचे तीन हात वर झाले. मग चमेलीबाईने तेरसिंगचा हात कोपराखालून बाजूला केला आणि आपला उजवा हात सरळ वर नेला.

"चार," ग्रामसेवक म्हणाले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "चमेलीबाई, मोजून झालं. आता हात खाली घ्या."

तिने घेतला नाही.