फाटकाचं कुलूप

परदेशाशी व्यापाराचा करार झाला, एका घावात तुटणारी परदेशी कुलपं निम्म्या भावात आली आणि मिस्त्रींचा कुलपांचा कारखाना बसला. तेव्हापासून घरात रोज तेच भांडण.

"त्या माजी व्यापारमंत्र्यानंच आपला गळा कापला," पुतण्या म्हणायचा.

"अरे, त्यांनी नुसती सही केली. ठरवलं अख्ख्या मंत्रिमंडळानं," मेहुणा त्यांची बाजू घ्यायचा.

शेवटी मिस्त्रीच वैतागले. "इथे कशाला डोकी फोडताय? चला, त्यालाच जाब विचारू."

काम गेलेली सगळी माणसं त्यांच्यासोबत माजी मंत्र्याच्या बंगल्यावर धडकली. फाटकाला आतून भलंमोठं कुलूप. हाका मारून घसे बसले, तरी कुणी ओ देईना. पडदा मात्र हलला.

पुतण्यानं हातोडा पुढे केला. "काका, घाला एक घाव! तुमच्या तर हातचा मळ आहे."

मिस्त्रींनी गजांतून हात घालून कुलूप उलटं केलं. खालच्या शिक्क्यावरची धूळ अंगठ्यानं पुसली. मग हातोडा पुतण्याला परत दिला.



"चला घरी. हे आपण केलेलं आहे."