सहावा तुकडा

आनंदाने पाटीवरच्या शेवटच्या हिरव्या तुकड्याकडे बोट केलं. "हाच. पार्टीच्या नमुन्याला हाच जुळतो," तो मालकांना, लालवानी शेठना म्हणाला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या या कापड रंगवायच्या डाईंगमध्ये तीस वर्षं हेच चालत आलं होतं. उल्हासनगरच्या गिऱ्हाईक पार्टीने कापडाचा नमुना पाठवायचा, लॅबमध्ये त्या रंगाचे चार-पाच तुकडे रंगवायचे, खिडकीशी पांढऱ्या पाटीवर लावायचे, आणि आनंदाने बोट दाखवलं की माल सुरू. आनंदा चष्मा लावत नसे. काचेतून रंग बाटतो, असं तो छातीठोकपणे सांगे. खरी गोष्ट अशी की वर्षभर त्याला जवळचं धड दिसत नव्हतं. चष्मा दिसला की लालवानी शेठ म्हणणार, याचे डोळे गेले. रंग मोजणाऱ्या मशीनचं बोलणं तर आधीच सुरू होतं. आनंदाला घरी बसायची भीती वाटत होती.

लॅबमध्ये नवीन लागलेली जिज्ञासा पाटीकडे बघत राहिली. "काका, मी पाचच तुकडे लावले होते."

पाटीवर सहा होते. तिने चिमटा पुढे केला तसा सहावा उडाला. हिरवा पतंग होता तो, रात्रीच्या ट्यूबलाइटला येऊन पंख सपाट पसरून बसलेला. त्याने एक गिरकी घेतली आणि टेबलावरच्या पार्टीच्या नमुन्यावर जाऊन बसला.

आनंदा खिडकीपासून मागे सरला. एका किड्याने तीस वर्षांची अब्रू घालवली होती.

शेठ मात्र नमुन्यावर वाकले. "अरे, किधर गया? उडाला काय?"

"इथेच बसलाय, शेठ." जिज्ञासाने पेन्सिलीचं टोक कापडावरून हळूच फिरवलं. कापडाचाच एक भाग जरासा सरकला.

शेठना पतंग आणि कापड वेगळं काढता येईना. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "पाखरू मला दिसलंच नाही, शेठ," आनंदा म्हणाला. "मला नुसता रंग दिसला."

शेठने पाचही तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग स्वतःचा जवळचा चष्मा काढून आनंदाच्या हातात दिला. "मशीनवाल्याला मी नको बोलतो. तू हा लाव, आणि पाखरू उडायच्या आत नवीन तुकडा रंगवून दे."

आनंदाने चष्मा चढवला आणि कापडावर वाकला. पतंग दिसला, पंखांवरची बारीक पांढरी रेघसुद्धा दिसली. रंग तोच होता. जरासुद्धा बाटला नव्हता.