पक्का पुरावा

न मावळणारा सूर्य. तिन्ही भागांत एकच कॅलेंडर. कधीच न भुंकणारा कुत्रा.

व्हिडिओ गेमचा नायक पहिल्याच भागात मेला, पुढचं सगळं त्याचं स्वप्न, असं सुकन्याचं म्हणणं. ह्या तीन पुराव्यांवर लोक हसले. पक्का पुरावा मिळाला नाही तर रविवारी यूट्यूब चॅनेल बंद करीन, असं ती बोलून बसली.

वळसंगला मेंढ्या राखलेल्या सासूबाईंनी शेंगा फोडता फोडता स्क्रीनकडे पाहिलं. "ह्या मेंढ्या खऱ्या न्हाईत."

"गेममधल्या हायत की, आत्या."

"तसं न्हवं गं. भर उन्हात मेंढी दुसरीच्या पोटाखाली डोकं घालती. ह्या लांब लांब हुब्या. दुपारच खोटी हाय."

सुकन्यानं हाच पुरावा व्हिडिओत मांडला. तो लाखभर लोकांनी पाहिला. हसणाऱ्यांनी माफी मागितली.


गेम बनवणाऱ्यांपैकी एकानंही दुपारची मेंढी कधी पाहिली नव्हती.