उमेदवाराकडचा चहा

संशोधनातील नीतीवर ग्रंथ लिहिणारे समीक्षक डॉ. देवरे मंदाच्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा घ्यायला धुळ्याहून जळगावला आले. "उमेदवाराकडचा चहासुद्धा मी घेत नाही. घेतला, तर परीक्षा रद्द करावी लागेल," असं त्यांनी आल्याआल्याच बजावलं. म्हणून जेवण मंदाचे मार्गदर्शक फिरकेसर यांच्या घरी ठेवलं होतं.

"मंदे, भरीत तूच कर वं, माह्या हाताले तशी चव नाही," असं सरांच्या पत्नी अक्का सकाळीच म्हणाल्या होत्या. ऐन परीक्षेच्या दिवशी मंदा त्यांच्या परसात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत बसली.

देवरेसरांनी भरीत तिसऱ्यांदा मागून घेतलं. "वहिनी, तुमच्या हाताला तोड नाही," ते म्हणाले. अक्का नुसत्या हसल्या.

दुपारी परीक्षेत त्यांनी मंदाला विचारलं, "दुसऱ्याच्या श्रमाचं श्रेय आपण घेणं, याचं रोजच्या जगण्यातलं एखादं उदाहरण सांगा."

मंदानं फिरकेसरांकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते.

"आठवत नाही, सर."

पदवी मिळाली. अहवालात देवरेसरांनी एकच उणीव नोंदवली: उमेदवाराचं निरीक्षण कमी पडतं.