मोटारीचा हात

अंबागेटाबाहेरच्या चौकात कुर्बाननं मोटार थांबवली आणि हातातल्या चाकाशेजारची खटकी दाबली. खिडकीला लागून बसवलेल्या चपट्या पेटीतून वीतभर लांबीचा एक लोखंडी हात टक् करून बाहेर पडला, आडवा झाला आणि आतल्या दिव्यानं नारिंगी उजळला. मोटार उजवीकडे वळणार, एवढंच त्याला सांगायचं होतं.

एवढं सांगायला इतर ड्रायव्हरांना दिवा लागत नसे. ते खिडकीतून सरळ हात काढत. कुर्बानचा उजवा हात चैत्रात मोडला. मोटार सुरू करताना पुढचं हँडल उलटं फिरलं आणि कोपराजवळ हाड गेलं. हाड जुळलं, पण कोपर काही सरळ झालं नाही. बायकोनं, नईमानं, सारा पावसाळा तेल चोळलं. हात चाक फिरवी, घास तोंडात नेई, पोरीची वेणीसुद्धा घाली. फक्त खिडकीबाहेर जात नसे. आणि जो इशारा देऊ शकत नाही, त्याला परवाना नाही.

मालक उत्तमराव माणूस भला. त्यांनी नागपूरच्या एका गोऱ्या साहेबाच्या मोडीत निघालेल्या गाडीचे हे हात मिळवले आणि आपल्या उतारूंच्या सर्व्हिस मोटारीला दोन्ही बाजूंनी बसवून घेतले. पण त्यांनी अकोल्याहून दुसरा ड्रायव्हरही बोलावून ठेवला होता. तो या घटकेला मोटारस्टँडवर चहा पीत बसला होता.

शेजारच्या सीटवर परवान्याची परीक्षा घेणारे वामनराव होते. त्यांनी यंत्र सगळ्या बाजूंनी पाहिलं होतं. चांगलं आहे, कायद्यालाही चालेल, असं ते म्हणाले होते. पण बाजाराच्या गर्दीत लोकांना ते कळलं पाहिजे. कळलं नाही आणि कोणी चाकाखाली आलं, तर कायदा त्याला उठवून बसवणार नाही. म्हणून परीक्षा आजच, याच चौकात. कुर्बानला ते पटलं होतं.

समोरची वाट मोकळी झाली. त्यानं क्लच सोडला. मोटार वळू लागली आणि मागून एक टांगा नेमका उजव्या अंगानं घुसला. कुर्बाननं करकचून ब्रेक दाबला. घोडं बिचकलं, टांगा त्या नारिंगी हाताला चाटून गेला.

"वळाचं होतं तं हात काढाचा ना बे," टांगेवाला मागं वळून म्हणाला.

कुर्बानचा हात तेवढ्यात आपोआप उचलला गेला होता. कोपर दारावर आपटलं आणि कळ पार खांद्यापर्यंत गेली.

"पाहिलंत," वामनराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. कुर्बानला तेच जास्त लागलं. आता सरळ चला, परीक्षा इथंच थांबवू, असं त्यांनी सांगितलं.

सरळ जाणं सोपं होतं. पुढचा रस्ता रिकामा पडला होता.

"साहेब, मी वळतो म्हणून सांगून बसलो," कुर्बान म्हणाला. "आता सरळ गेलो तं हे खोटं पडन. मंग याच्यावर कोनी कावून भरोसा ठेवन?"

उजव्या अंगानं सायकली घुसतच होत्या. मागं भोंगे वाजू लागले. पण कुर्बाननं खटकी सोडली नाही आणि चाकही हलवलं नाही.

समोरून वांग्यांनी भरलेली एक बैलगाडी आली. कासरा तानुबाईच्या हातात होता. ती दर बाजाराला याच वाटेनं यायची. कुर्बानला ती तोंडओळखीनं ठाऊक होती. मोटारीच्या तोंडाशी तिनं बैल आवरले. त्या उजळलेल्या लोखंडाकडे पाहिलं, मग खिडकीतल्या वाकड्या कोपराकडे पाहिलं.

"हे काय होय गा?" तिनं विचारलं.

"माहा हात होय मावशी. तिकडे वळाचं आहे."

तिनं पुन्हा निरखून पाहिलं. दुसऱ्या बाजूला जायचं असलं की दुसरा निघतो का, असं विचारलं. निघतो, म्हणून कुर्बाननं सांगितलं. तिची मान हलली. तिनं कासरा ओढून गाडी बाजूला घेतली आणि वाट मोकळी केली.

तिच्या मागच्या गाडीवान गड्याला काही कळेना. तो बैल हाकून पुढे घुसू पाहत होता. तानुबाई वांग्यांवर उभी राहिली आणि तिनं आपला हात आडवा धरला.

"थांब ना बाप्पा," ती म्हणाली. "त्यानं हात देल्ला, दिसत नाही काय तुले?"

मागची गाडी थांबली. तिच्या मागचीही थांबली. कुर्बाननं सावकाश चाक फिरवलं आणि मोटार उजवीकडे वळली. वळण पुरं झाल्यावर त्यानं खटकी सोडली. हात पेटीत मिटला.

मग वामनराव टेकून बसले, खिडकीवर कोपर ठेवलं आणि पुढच्या चौकात डावीकडे घ्यायला सांगितलं.

कुर्बाननं दुसरी खटकी दाबली. वामनरावांच्या बाजूला टक् आवाज झाला. त्यांनी बाहेर पाहिलं आणि आपलं कोपर मुकाट्यानं आत घेतलं, म्हणजे मागून येणाऱ्यांना तो हात पुरता दिसावा.