पलंगाशेजारची सतरंजी

दवाखान्यात दिवसभर वाकून लोकांचे दात काढताना तिची पाठ धरली, तेव्हा तिने घरातच योगासनं सुरू केली. पण दोन दिवस उत्साह टिकला की सतरंजी कपाटामागे! लहानपणी असली टाळाटाळ खपायची नाही. शाळेआधी बाबा तिला अंथरुणातून ओढून सतरंजीवर उभं करायचे आणि गालावर दाढीचा फेस तसाच ठेवून ओरडायचे. आता पक्षाघाताने त्यांची वाचाच गेली होती. एका सकाळी तिने सतरंजी त्यांच्या पलंगाशेजारी अंथरली. “बघा हं, पूर्वीसारखं,” म्हणत ती पायाचे अंगठे धरायला वाकली. मागून घोगरा आवाज आला, “गुडघे... गुडघे सरळ!” ती चमकून वळली. बाबांच्या कपाळावर जुन्याच आठ्या होत्या. “काय म्हणालात?” त्यांचे ओठ थरथरले, पण शब्द फुटेना. डोळे पुसून ती पुन्हा वाकली, गुडघे मुद्दाम वाकडे ठेवून. “सरळ म्हटलं ना!” बाबा खेकसले.